डोडो सुरतेला आला होता: मुलांसाठी मॉरिशसचं मराठी पुस्तक घरच्या घरी कसं घडवावं

पीटर मंडी नावाच्या एका इंग्रज प्रवाशाने 1630च्या आसपास सुरतेत दोन डोडो, म्हणजे मॉरिशस बेटावरचे आता नामशेष झालेले पक्षी, पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं मानलं जाणारं डोडोचं एक चित्रही आहे. ते आज सेंट पीटर्सबर्गला असतं आणि त्यात डोडोच्या भोवती आपल्याकडचे पक्षी रंगवलेले आहेत. बडोद्याच्या दांडियाबाजारात आमच्याकडे रविवारी मुलांचं वाचन चालतं, तिथे मी हे सांगितलं तेव्हा दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, "काकू, सुरत तर जवळच आहे. मग तो बडोद्याला का नाही आला?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण मॉरिशसवर मराठीत मुलांचं पुस्तक करायचं, हे तिथेच ठरलं. नंतर दोन पुस्तकं झाली. एक फसलं, एक बरं झालं. बडोद्यात किंवा महाराष्ट्राबाहेर कुठेही बसून एखाद्या दूरच्या बेटावर मुलांसाठी पुस्तक करावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी त्या दोन्हींतून शिकलेलं इथे क्रमाने लिहिते आहे. बेट तुमचं दुसरं असू शकेल, अंदमान किंवा श्रीलंका. पद्धत तीच राहील.

आधी मूल, मग बेट

"तीन ते बारा वयोगटासाठी" असं पुस्तक नसतं. चार वर्षांच्या मुलाला आई वाचून दाखवते, सात वर्षांचं अडखळत स्वतः वाचतं, दहाव्या वर्षी मुलाला भांडायला विषय हवा असतो. यांतलं एकच निवडा. मी सात-आठ वर्षांची मुलं धरली. तीही घरी मराठी बोलणारी, पण शाळेत गुजराती किंवा इंग्रजी शिकणारी. हा एक निर्णय पुढे अक्षराच्या आकारापासून शब्दांच्या निवडीपर्यंत सगळीकडे उपयोगी पडतो, म्हणून तो कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

बेटाचं फार थोडं घ्या

माझं फसलेलं पुस्तक म्हणजे सहल कंपनीचं माहितीपत्रक होतं. डोडो, प्रवाळ, धबधबा, ऊस, सेगा नाच, गणपती, सगळं बत्तीस पानांत कोंबलेलं. मुलांनी ते एकदा चाळलं आणि ठेवून दिलं. पुन्हा मागितलं नाही, यातच सगळं आलं.

दुसऱ्या वेळी एक प्राणी, एक घर आणि एक भांडण एवढंच घेतलं. प्राणी म्हणजे मॉरिशसचं वाघूळ, घर लिची पिकवणाऱ्या आजोबांचं, आणि भांडण या दोघांचं. डोडो दोन पानांत येऊन जातो. डोडोला नायक करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पण तो मेलेला नायक असतो. 1598मध्ये डच तिथे उतरले, 1662 नंतर डोडो पाहिल्याची खात्रीची नोंद नाही. साठ-पासष्ट वर्षांत खेळ संपला. सात वर्षांच्या मुलाला शेवटच्या पानावर मरण देणं मला जमलं नाही. ज्यांना जमेल त्यांनी जरूर करावं, मुलं आपल्याला वाटतात त्याहून घट्ट असतात.

वाघूळ मात्र जिवंत आहे आणि भांडणही खरं आहे. माणूस येण्याआधी मॉरिशसवर जमिनीवरचा एकही मूळचा सस्तन प्राणी नव्हता, वटवाघळं सोडून. माकडं, हरणं, उंदीर, डुकरं ही सगळी जहाजांतून आलेली. तिथलं फळं खाणारं मोठं वाघूळ रानातल्या झाडांच्या बिया पसरवतं, पण बागेतली लिची आणि आंबेही खातं. 2015पासून सरकारी मोहिमांत हजारो वाघळं मारली गेली. बागाईतदार म्हणतात आमचं पीक जातं, निसर्ग राखणारे म्हणतात झाडांना जाळ्या लावा. दोन्ही बाजूंना खरी माणसं आहेत. मुलांच्या पुस्तकाला याहून चांगलं भांडण शोधून सापडणार नाही.

बडोद्यातून बेटावर जायचे पूल

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि तुम्हीही घालवा. वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे मुलाला रोज दिसणाऱ्या गोष्टी, उजवीकडे बेटावरच्या. मग रेघा ओढा. सुरुवातीला काही जुळत नाही. दोन-तीन आठवड्यांत मात्र पान रेघांनी भरतं. माझ्या पानावरच्या काही सांगते.

वटवाघूळ या शब्दातच वड आहे, आणि बडोद्याचं जुनं नाव वडावरूनच आलं असं सांगतात. संध्याकाळी जुन्या झाडांवरून निघणारी मोठी वाघळं इथल्या मुलांनी पाहिलेली असतात. घरामागच्या चिकूवर पडलेले दातांचे ठसेही त्यांना ठाऊक असतात. म्हणजे माझा नायक त्यांच्या ओळखीचाच निघाला. मला फक्त त्याचा मॉरिशसचा भाऊ दाखवायचा होता.

पावागड, बडोद्याजवळचा डोंगर. कोजागिरीच्या सहलीला किंवा देवीच्या दर्शनाला बडोद्याचं प्रत्येक मूल तिथे जाऊन आलेलं असतं. तो काळा दगड ज्वालामुखीतून आलेला. भूशास्त्रज्ञ मानतात की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपलं दख्खनचं पठार ज्या खोलवरच्या तप्त जागेवरून सरकताना लाव्ह्याने भरलं, त्याच जागेने फार नंतर समुद्रात मॉरिशस उभं केलं. मॉरिशसच्या उसाच्या शेतांत मजुरांनी वेचून रचलेल्या काळ्या दगडांच्या राशी आजही दिसतात. हे वाचल्यावर एका मुलाने पावागडावरून खिशात दगड आणला आणि पुस्तकाच्या त्या पानावर ठेवला. पानाला ओरखडा पडला. मी काही बोलले नाही.

नकाशा उघडा. बडोदं कर्कवृत्ताच्या जरा खाली, मॉरिशस मकरवृत्ताच्या जरा वर. विषुववृत्तावर आरसा ठेवला तर दोन्ही जवळपास एकमेकांसमोर येतील. म्हणून उन्हाळा आणि हिवाळा उलटे. आपला गुलमोहर एप्रिल-मेमध्ये पेटतो, तिथला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, आणि गुलमोहर मूळचा शेजारच्या मादागास्करचा. शिवाय तिथून ध्रुवतारा दिसतच नाही. बाळ ध्रुवाची गोष्ट ऐकून वाढलेल्या मुलाला हे सांगून बघा, दहा मिनिटं गप्प बसेल.

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या खोल पाण्यात देवमासे राहतात, ते निळे नव्हेत, मोठ्या चौकोनी डोक्याचे. पण "समुद्रातलं अंग केवढं असतं" हे सांगायला त्या सांगाड्यासारखी मोजपट्टी नाही.

आणि गणपती. याबद्दल पुढे सविस्तर.

गोड गोष्टीवर लगेच विश्वास ठेवू नका

बेटांच्या नावावर गोड गोष्टी फार खपतात. मॉरिशसवर तांबालाकोक नावाचं एक झाड आहे. त्याची बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही, म्हणून डोडो गेल्यावर नवं झाड उगवलंच नाही, असा दावा 1977मध्ये एका शास्त्रज्ञाने केला. किती सुंदर गोष्ट! मी ती पहिल्या पुस्तकात घातली होती. पुढे इतर अभ्यासकांनी दाखवलं की बी डोडोशिवायही रुजते आणि डोडोनंतरच्या काळातली झाडंही आहेत. गोष्ट मात्र अजून फिरते आहे, कारण ती सांगायला बरी वाटते. आपल्या मजकुरातलं जे वाक्य तुम्हाला स्वतःला सर्वांत आवडतं, ते पहिल्यांदा तपासा.

तपासायची माझी साधी रीत अशी. मजकुरातल्या प्रत्येक विधानाला नंबर द्यायचा. वहीत त्या नंबरासमोर ते कुठे वाचलं ते लिहायचं. एकाच जागी मिळालेलं विधान पेन्सिलीने, दोन स्वतंत्र जागी मिळालेलं शाईने. पेन्सिलीचं काहीही छापायला जात नाही. बडोद्यात राहणाऱ्यांचं एक भाग्य म्हणजे मध्यवर्ती ग्रंथालय. सयाजीराव महाराजांनी 1910मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावलं आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, त्या व्यवस्थेचा हा वारसा. तिथल्या जुन्या प्रवासवर्णनांत आणि भूगोलाच्या पुस्तकांत दोन दुपारी काढल्या. त्यातलं निम्मं निरुपयोगी निघालं, पण जहाजं कशी दिसत हे तिथेच कळलं.

डोडोचं एक उदाहरण. लठ्ठ, ढब्बू, मूर्ख चेहऱ्याचा डोडो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. अभ्यासक आता म्हणतात की तो तितका जाडा नव्हता. जुनी युरोपीय चित्रं बरीचशी एकमेकांवरून आणि ऐकीव माहितीवर काढलेली आहेत. मन्सूरच्या नावावरचं चित्र उलट विश्वासार्ह मानतात, कारण चित्रकाराने जिवंत पक्षी समोर पाहिला असावा. डोडो उंचीला साधारण एक मीटर, म्हणजे बालवाडीतल्या मुलाएवढा. कबुतराच्या कुळातला. आज त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक कोण? निकोबारी कबूतर! हिरवी-तांबूस झळाळी असलेला, मानेभोवती लांब पिसांची झालर मिरवणारा आपल्याच देशातला पक्षी. माझ्या पुस्तकात डोडोच्या दोन पानांपैकी एक त्यालाच दिलं आहे.

मेलेल्यांबरोबर वाचलेल्यांची गोष्टही सांगा, कारण मॉरिशसची खरी ख्याती ती आहे. 1974मध्ये तिथल्या छोट्या ससाण्याचे रानात फक्त 4 पक्षी माहीत होते. 1990च्या सुमारास गुलाबी कबुतरं रानात दहाच्या आसपास उरली होती. पिंजऱ्यात वाढवून, घरटी बांधून देऊन, उंदीर-माकडांपासून राखून ही दोन्ही आज काहीशेंच्या घरात पोचली आहेत. इल ओ एग्रेत नावाच्या चिमुकल्या बेटावर अल्दाब्रा या दुसऱ्या बेटावरची महाकाय कासवं आणून सोडली. मॉरिशसची स्वतःची मोठी कासवं नामशेष झाली होती, आणि एबनीच्या झाडाची फळं खाऊन बिया पसरवायला कोणी उरलं नव्हतं. बदली कर्मचारी म्हणून आणलेली कासवं! मुलांना हा विनोद लगेच कळतो.

ऋतूंची तपासणी वेगळी करा. पहिल्या मसुद्यात मी गणेशोत्सवात बाप्पापुढे लिचीचा नैवेद्य मांडला होता. छान चित्र झालं असतं. पण मॉरिशसला लिची पिकते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, आणि गणेश चतुर्थी ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे तिथल्या हिवाळ्याच्या शेवटी. लिची आणि गणपती एकाच पानावर येऊच शकत नाहीत. गोष्ट दिवाळीनंतर ढकलावी लागली, आणि त्या निमित्ताने झाडाखाली गुलमोहराचा लाल सडा मिळाला.

बेटावरची माणसं

गवताचे झगे घातलेली माणसं काढू नका. हे सांगावं लागू नये, पण एका चित्रकाराने मला खरंच तशी चौकट दाखवली होती.

मॉरिशसवर आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज आहेत, हिंदुस्थानातून करारावर गेलेल्यांचे आहेत, चिनी आहेत, फ्रेंच आहेत. 1834पासून हिंदुस्थानी मजूर उसाच्या मळ्यांवर जाऊ लागले. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तो धक्का, आप्रवासी घाट, 2006पासून जागतिक वारसा आहे. त्यांच्यात कोकणातली, रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. आज तिथे शाळेत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, मूर्ती नदीत किंवा समुद्रात विसर्जित करतात, आणि कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून अजून नाचतात. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी टिकवणं म्हणजे काय, हे बडोद्याच्या मुलाला समजवावं लागत नाही. म्हणूनच माझ्या गोष्टीतलं घर मराठी ठेवलं.

इथे एक धोका आहे. "बघा, आपले लोक तिथेही आहेत" या आनंदात बाकीचं बेट गायब होतं. माझ्या गोष्टीतल्या आजोबांचा शेजारी क्रिओल, म्हणजे गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशातला आहे, तो रावान वाजवतो. रावान म्हणजे बकऱ्याचं कातडं ताणलेला सपाट मोठा डफ. सेगा या नाचगाण्याचं हे मुख्य वाद्य. गुलामीत आणलेल्या लोकांचं हे गाणं, 2014मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. नाचताना पाय जमिनीवरून फारसे उचलत नाहीत, घासत चालतात. चित्र काढताना हे लक्षात ठेवा, नाहीतर गरबा होतो. बडोद्यात तर हमखास होतो.

गुलामीबद्दल सात वर्षांच्या मुलाशी किती बोलायचं? मी एक वाक्य ठेवलं: "माझ्या पणजोबांच्या पणजोबांना इथे बांधून आणलं होतं, विचारलं नव्हतं." शेजारी हे बोलतो आणि रावान तापवायला शेकोटीजवळ धरतो. तेवढं पुरतं. मोठ्या मुलांसाठी लिहीत असाल तर करार, पगारकपात, पळून डोंगरात लपलेली माणसं, सगळं यायला हवं.

नावांकडे लक्ष द्या. तिथे अनेक हिंदुस्थानी घरांत पहिल्या आलेल्या पूर्वजाचं नावच पुढे आडनाव झालं. त्यामुळे कुलकर्णी-देशपांडे असली आडनावं देऊ नका. जेवण मात्र हाताशी आहे. डाळ घालून केलेली धोल पुरी, म्हणजे जवळजवळ न गोड केलेली पुरणपोळी. मिरची घातलेले डाळीचे गरमागरम वडे, त्यांना तिथे गातो पिमा म्हणतात. ही दोन नावं वाचताना आमची मुलं दर वेळी हसतात.

मजकूर लिहिताना

बत्तीस पानांच्या चित्रपुस्तकात मुखपृष्ठामागची पानं, शीर्षक, हक्कांचं पान वजा जाता गोष्टीला बारा-तेरा जोडपानं उरतात. माझा अख्खा मजकूर पाचशे शब्दांच्या आत आहे, आणि त्याचे अकरा खर्डे झाले.

पहिल्या पुस्तकात मी लिहिलं होतं: "मॉरिशस हे हिंदी महासागरातील निसर्गरम्य बेट असून तेथे विविध प्रकारचे पक्षी आढळतात." दुसऱ्याची सुरुवात अशी आहे: "रात्री झाडावर खसफस झाली. आजोबांनी टॉर्च मारला. 'कोण रे तिकडे?' टप! लिचीचं साल नेमकं त्यांच्या टकलावर पडलं." फरक सांगायला नको. माहिती चित्रातून आणि संवादातून जाऊ द्या. जी उरेल ती शेवटच्या दोन पानांवर, बारीक टायपात, आईबाबांसाठी.

मुलांना पुस्तकात ओढायला एक ठेका हवा. तो मला तिथल्या क्रिओल भाषेतल्या कोड्यांत मिळाला. कोडं घालणारा ओरडतो "सिरांदान?" आणि ऐकणारे सगळे उत्तरतात "सांपेक!" मग कोडं. "दिलो दिबुत?" म्हणजे उभं पाणी कोणतं? ऊस. "दिलो पांदान?" लटकतं पाणी? नारळ. आपल्या कोड्यांचीच ही चुलत भावंडं. मी तीन जागी "सिरांदान?" टाकलं. वाचनाच्या वेळी तिसऱ्यांदा "सांपेक!" इतक्या जोरात आलं की खालच्या मजल्यावरचे काका वर बघायला आले. प्रत्येक बेटाकडे असं काहीतरी असतंच, हाक, अंगाई, मोजणी. ते शोधा, आणि बदलून न टाकता तसंच ठेवा.

बडोद्याचं मराठी आणि अक्षरं

महाराष्ट्रातल्या प्रकाशकांना ही अडचण क्वचितच कळते. आमची मुलं गुजराती अक्षरं आधी शिकतात, त्यांना शिरोरेघ नसते. देवनागरी त्यांना हिंदीमुळे येते, पण रेघेखाली टांगलेले शब्द सुरुवातीला एकमेकांना चिकटलेले दिसतात. उपाय सोपा: दोन शब्दांतली जागा नेहमीपेक्षा थोडी जास्त, दोन ओळींतली बरीच जास्त, कारण आपल्याकडे वर मात्रा आणि खाली उकार दोन्ही येतात. टाइप निदान 20 पॉइंट. शब्द तोडून खालच्या ओळीवर नेऊ नका. जोडाक्षरं टाळण्याचा अट्टहास नको, पण एका पानावर दोन-तीनहून जास्त अवघड नकोत. मुक्ता आणि बालू हे युनिकोड टाइप मोफत मिळतात आणि मुलांना वाचायला बरे पडतात. ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी, हे छापण्याआधी पाहा.

शब्दांचे सापळे तर मजेदार आहेत. "चकली झाडावर बसली" असं वाक्य आमच्या एका मुलीने गोष्ट सांगताना म्हटलं आणि पुण्याहून आलेल्या तिच्या मामेबहिणीला हसू आवरेना. गुजरातीत चकली म्हणजे चिमणी. गुजराती शेरडी म्हणजे ऊस, आपली शेरडं म्हणजे शेळ्या, आणि मॉरिशसच्या गोष्टीत ऊस पानोपानी. पालीला गरोळी, खिडकीला बारी. मी मूळ मजकूर साध्या मराठीत ठेवला आणि शेवटी एका पानावर अशा जोड्या चित्रांसह दिल्या. मुलांना हे पान गोष्टीइतकंच आवडतं. काही पालकांना आवडलं नाही, त्यांना शुद्ध मराठी हवं होतं. मला ते पान हवं होतं, म्हणून ते राहिलं.

ज्या प्राण्यांना मराठी नाव नाही त्यांना शास्त्रीय भाषेतून ओढूनताणून नाव देऊ नका. दिसतं ते म्हणा: गुलाबी कबूतर, निळ्या शेपटीची पाल. ही पाल दिवसा फिरते आणि फुलातला मध खाताना परागीकरणही करते, हे कळल्यावर घरातल्या पालींकडे बघण्याची नजर जरा बदलते. जरा.

चित्रकाराशी व्यवहार

बडोद्यात चित्रकार शोधायला लांब जावं लागत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा 1950पासून इथे आहे. पण विद्यार्थी आहे म्हणून फुकट काम मागू नका. पैसे, मुदत, किती वेळा दुरुस्ती आणि चित्रांचे हक्क कोणाकडे, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. मजकुराबरोबर संदर्भाचं पाकीट द्या: प्राण्याचे निदान चार कोनांतले फोटो, पानांचे आकार, घरांची छपरं. फोटो बघायला वापरा, परवानगीशिवाय छापायला नाही. आणि एक तक्ता द्या, "या पानावर महिना कोणता, वेळ कोणती, फळ कोणतं, फूल कोणतं." आमच्या चित्रकाराने रात्रीच्या पानावर हौसेने ध्रुवतारा काढला होता. तक्त्यामुळे वेळेत सापडला.

डमी आणि मुलांची परीक्षा

साधे आठ कागद मधून दुमडून स्टेपल करा. झाली बत्तीस पानांची डमी. पेन्सिलीच्या रेघोट्या आणि चिकटवलेला मजकूर एवढ्यावर मुलांपुढे जा. सहा-सात मुलं पुरे, त्यांत आपलं मूल नको. वाचताना दुसऱ्या कोणीतरी नोंदी करायच्या: कुठे खिडकीबाहेर बघितलं, कुठे पुढे झुकले, कुठे पान उलटायची घाई केली. "आवडलं का?" हे विचारू नका, हो म्हणतात. "आजोबा बरोबर की वाघूळ?" विचारा. आमच्याकडे यावरून दोन तट पडले. बागवाल्या घरातला एक मुलगा आजोबांच्या बाजूने एकटा तासभर लढला. त्याच्यामुळे मी आजोबांना आणखी एक पान दिलं, त्यात ते तुटलेल्या फांद्या मोजतात.

छपाई

पानांची संख्या चाराच्या पटीत ठेवा, मधे पिन मारायची असेल तर दुसरा इलाज नाही. ऑफसेटला फर्म्याच्या, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या हिशेबाने सोळा किंवा बत्तीस पानं स्वस्त पडतात. शे-दोनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल, पाचशेच्या पुढे ऑफसेट. दोन-तीन छापखान्यांकडून वेगवेगळ्या आकड्यांची दरपत्रकं घ्या. आतल्या पानांना 130 जीएसएमचा मॅट कागद, मुखपृष्ठाला 300. चित्रं 300 डीपीआयची, चहूबाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा चित्राचा जास्तीचा भाग.

दोन सापळे. पहिला रंगाचा. पडद्यावर चमकणारा खाजणाच्या पाण्याचा निळा-हिरवा रंग छपाईच्या चार शाईंत मरतो. फाइल आधीच सीएमवायकेमध्ये, म्हणजे त्या चार शाईंच्या रंगांत, बदलून घ्या आणि त्या एका पानाचा खऱ्या कागदावर प्रूफ मागा. बाकी पानांचा नाही मिळाला तरी चालेल. दुसरा सापळा अक्षरांचा. माझ्या पहिल्या पुस्तकात एका छापखान्यात फाइल उघडताना टाइप बदलला आणि साडेतीनशे प्रतींत "चित्र"चं "चत्रि" झालं. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये काम असेल तर देवनागरी नीट जोडणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू हवा, आणि छापखान्याला देताना मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून द्या. दुरुस्तीची मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, कर्व्ह केलेल्यात काना-मात्रा बदलता येत नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून विनामूल्य मिळतो. तो छपाईच्या बराच आधी मागवा. पुस्तक निघाल्यावर 1954च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत तीस दिवसांत स्वखर्चाने पाठवायची असते. हौशी प्रकाशक हे विसरतात.

पहिलं वाचन

प्रकाशन समारंभ, हारतुरे, भाषणं यांत मुलं कंटाळतात. आम्ही गच्चीवर संध्याकाळी वाचलं, वाघळं निघायच्या वेळी. भिंतीवर खडूने एक मीटरवर रेघ मारली आणि शेजारी "डोडो" लिहिलं. प्रत्येक मुलाने त्या रेघेला पाठ लावून उभं राहायचं. मिरचीचे वडे केले होते. तिसऱ्या "सिरांदान"ला वरून पहिलं वाघूळ गेलं, मग दुसरं, आणि पुढची पाच पानं कोणी ऐकली नाहीत. ती मी पुढच्या रविवारी वाचली. सुरतेचा डोडो विचारणारी मुलगी आता चौथीत आहे. रेघेपेक्षा ती बरीच उंच निघाली, आणि तिला तो बडोद्याला का आला नाही याचं उत्तर अजून हवं आहे.